दोन पेट्या, एक नंबर

शारजा, १९ जानेवारी २०२५

हफ्सा आपा,

सलाम. तू माझा नंबर ब्लॉक केलास ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. आधी वाटलं, कासूला रेंज नसेल. मग अम्मीच्या फोनवर लावला तर ती म्हणाली, हफ्सा इथंच बसलीय, वाल सोलते, पण तुझ्याशी बोलायचं नाय म्हणते. म्हणून कागद घेतला. आमच्या गोदामातला रघू सुट्टीवर पेणला चाललाय, त्याच्या हातून देतोय.

हे पत्र एआयच्या मशीनला सांगितलं असतं तर दोन मिनिटांत लिहून दिलं असतं, चुका पण नसत्या. पण तू पहिल्या ओळीला ओळखलं असतंस आणि चुलीत घातलं असतंस. म्हणून हे माझंच हाय, नववी नापासाचं.

तू फोनवर म्हणालीस, मी तुझ्या अन्नात माती कालवली. आता शांतपणे ऐक मी काय केलं ते.

नासिर शेठच्या कार्गोचं सॉफ्टवेअर तू बनवलंस, मी कुठं नाय म्हणतो? पेणला प्रविण सरांच्या ऑफिसात बसून तीन वर्षं तूच ते सांभाळलंस. इथून आपली माणसं घरी पेट्या पाठवतात, कोणाची पेटी कुठं पोचली ते त्याच्यात दिसतं. मला शेठकडं चिकटवलं पण तूच. शेठ रोह्याचा, तुझं ऐकतो. तू त्याला सांगितलंस, भाऊ धरमतरच्या जेटीवर आठ महिने टिकला नाय, घरी पण टिकत नाय, तिकडं पेट्या तरी उचलेल. उचलल्या ना मी. दोन वर्षं उचलल्या.

आता पावतीवर गावाचं नाव एवढं बारीक यायचं की पेण आणि पेझारी एकच दिसायचं. तुमच्या ऑफिसला कळवलं. सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघू. पुढचा आठवडा म्हणजे किती आठवडे ते तुला माहीत हाय. मी जेवायच्या सुट्टीत फोनवर त्या एआयला विचारलं. टाइप पण नाय केलं, बोललो. अर्धं हिंदी, अर्धं आपलं. वीस मिनिटांत गावाचं नाव बोटाएवढं मोठं झालं. शेठने पावती उजेडाला धरून बघितली आणि तिथल्या तिथं प्रविण सरांना फोन लावला. म्हणाला, माझ्या हमालाने वीस मिनिटांत केलं, तुम्ही काय करता तिथं?

हे त्याने बोलायला नको होतं. पण ते शेठ बोलला, मी नाय.

एवढंच झालंय. एवढ्यासाठी कोण सख्ख्या भावाला ब्लॉक करतं?

नावेद


शारजा, ९ मार्च

आपा,

रमजान मुबारक. रघू परत आला. म्हणाला, पत्र तुझ्या हातात दिलं, तू पाणी विचारलंस, चहा विचारलास, माझं काय नाय विचारलंस.

अम्मीने सांगितलं तुझी ऑफिसची नोकरी सुटली. शेठने काम बंद केलं ते मला माहीत होतं, पण मला वाटलं प्रविण सरांकडं अजून चार कामं असतील. रघू म्हणतो, आता सर एकटेच बसतात, एक ते आणि एक कॉम्प्युटर.

तूच मला सांगितलं होतंस, मागच्या दिवाळीच्या आसपास. सरांनी तुझ्याबरोबरच्या हितेशला काढलं तेव्हा. हितेशचं काम मशीन करायला लागलं आणि मशीनचं काम तपासायचं तुझ्यावर आलं. तू म्हणालीस, पूर्वी मी दिवसाला कोडच्या पन्नास ओळी लिहायची आणि रात्री झोपायची, आता दिवसाला दोन हजार ओळी वाचते. लिहिणारा कोण ते माहीत नाय, आणि चुकलं तर सही माझी. मी तेव्हा हसलो होतो. मला वाटलं, एसीत बसून वाचायचं, याच्यात रडण्यासारखं काय हाय.

मागच्या पत्रात मी सगळं लिहिलं नाय. नुसतं गावाचं नाव मोठं करायला आतला कोड लागतो, तो माझ्याकडं कुठून येणार? मागच्या रमजानात सिस्टिम अडकली होती, पेट्यांचा डोंगर लागला होता, तेव्हा तू मला तुझा पासवर्ड दिलास, यादी छापायला. म्हणालीस, ईद झाली की बदलते. तू बदलला नाय. ही तुझी पण चूक हाय असं मी लिहिणार होतो. लिहिलंच बघ.

त्या पासवर्डने मी आत गेलो आणि तुझं सगळं उचलून मशीनला दिलं. पूर्ण. तीन वर्षांचं. माझा चहा गरम होता तोवर त्याने वाचून पण टाकलं आणि मला विचारलं, आणखी काय बदलायचं?

शेठला मी सांगितलं की बहिणीने परवानगी दिलीय. ते पण खोटं.

अम्मीला हे वाचून दाखवू नको.

नावेद


शारजा, २२ जून

आपा,

तू धाटावला लागलीस म्हणे. केमिकल कंपनीच्या गेटवर टँकरच्या नोंदी करतेस, शिफ्टच्या बसने जातेस येतेस. अम्मी म्हणाली, ओढणीला वास येतो, दोन दोन वेळा धुते तरी जात नाय. इंजिनियरिंगला होतीस तेव्हा अम्मी सगळ्या मोहल्ल्याला सांगायची, माझी हफ्सा आधी आणि मग बाकीच्यांच्या पोरी. आता ती काय सांगते ते मी विचारलं नाय.

माझं सांगतो. मला शेठने ऑफिसात घेतलं. खुर्ची हाय, चाकांची. पेट्यांच्या गोदामातून काचेपलीकडं मी दिसतो आणि पोरं बाहेरून सलाम ठोकतात, खोटा खोटा. खोलीवर मला इंजिनियर म्हणतात. शाहिद तर रोज. आपल्या गल्लीतला मुनीरा चाचीचा शाहिद, माझ्या वरच्या बंकवर झोपतो. सकाळी उठला की म्हणतो, इंजिनियर, जरा मशीनला विचार ना, आज माझ्या गाडीत पेट्रोल कोण टाकणार?

काम काय करतो? बोलतो. मला असं पाहिजे, तसं पाहिजे. ते करतं. मी म्हणालो हे चुकलं, तर म्हणतं तुमचं अगदी बरोबर हाय, मी सुधारतो. आपा, जन्मात मला कोणी तुमचं बरोबर हाय म्हटलं नव्हतं. शाळेत नाय, जेटीवर नाय. तू तर माझ्या हातातला मोबाईल ओढून घ्यायचीस, दे इकडं, तुला नाय जमणार. आठवतंय का बघ. मला आठवतं.

आत काय चालतं ते मला कळत नाय, खरं सांगतो. लिहिलेलं समोर येतं, मी खाली सरकवतो, शेवटी व्हय म्हणतो. तू एकदा म्हणाली होतीस, व्हय म्हणणं हेच आता आमचं काम राहिलंय. मग ते मी पण करू शकतो, नाय का? तुझ्या चार वर्षांच्या कॉलेजात आणि माझ्या नववीत फरक काय राहिला? हे मी तुला टोचायला लिहितोय. पुढची ओळ काय लिहावी ते सुचत नाय.

बकरी ईदनंतर शेठने मोठं काम दिलं. एकाच माणसाच्या दोन दोन नोंदी दिसत होत्या, तोच मोबाईल, तेच नाव, पत्ता वेगळा. शेठ म्हणाला, ही घाण साफ कर. केली. आता एक माणूस, एक घर, एक नोंद. वर मी माझ्या डोक्याने एक गोष्ट टाकली. पेटी निघाली की घरच्या मुख्य नंबरवर मेसेज जातो आणि त्या घराच्या आजवरच्या सगळ्या पेट्यांची यादी पण. शेठने माझी पाठ थोपटली. पुढच्या महिन्यापासून चालू.

तुला सांगावंसं वाटलं. दुसरं कोणाला कळणार हाय?

नावेद


शारजा, ३ ऑगस्ट

आपा,

तुझ्या कानावर आलंच असेल, तुझ्या घरापासून चार दारांवर झालं. तरी मला काय कळलं ते लिहितो.

मला माहीत नव्हतं की शाहिद दोन पेट्या पाठवतो. एक मुनीरा चाचीच्या नावाने कासूला. ती चाची सगळ्यांसमोर उघडते, साबण याला, बदाम त्याला, लेकींना काय ते, आणि शाहिदच्या बायकोच्या, अक्साच्या वाट्याला रिकामा पुठ्ठा, त्याच्यात कांदे ठेवायला. म्हणून दुसरी पेटी अक्साच्या माहेरी, रोह्याला. ती आईच्या दुखण्याचं सांगून दोन दिवस माहेरी जाते, तिथं उघडते. क्रीम, पोरीचे बूट, एकदा शिलाईची मशीन. मोबाईल एकच, शाहिदचा. तुझ्या सिस्टिममध्ये नोंदी दोन.

मी त्या एक केल्या.

मेसेज गेला चाचीच्या नंबरवर. कासू एक, रोहा एक, घेणार अक्सा. खाली यादी, मागच्या तीन वर्षांतल्या सगळ्या. त्यात रोह्याच्या अकरा. चाचीला वाचता येत नाय, तिने लेकीला दिला. लेकीने मोठ्यांदा वाचला. घरात लग्नाचं विचारायला पाहुणे आलेले. चाचीने पाहुण्यांना दारापर्यंत सोडलं म्हणे. मग आत गेली.

अम्मीने भिंतीपलीकडून ऐकलं. चाची म्हणाली, "अकरा गो? अकरा वेळा आईचे गुडघे दुखले काय तुझ्या?"

अक्साने बॅग भरली. दुपारच्या गाडीने पोरीला घेऊन रोह्याला गेली. शाहिदच्या भावाने कासू स्टेशनवर सोडली आणि बॅग पण उचलली नाय म्हणतात.

शाहिदला मीच सांगितलं. खोलीवर. तो भात खात होता. त्याने ताट बाजूला ठेवलं, हात धुतले, पुसले. मला वाटलं मारेल. तो म्हणाला, "साफ केलंस ना रे सगळं? छान केलंस." आणि वर चढून भिंतीकडं तोंड करून झोपला.

तो एकटा नाय. श्रीवर्धनचे दोन, म्हसळ्याचा एक. शेठचा फोन सकाळपासून वाजतोय. बायका रडतात, सासवा शिव्या देतात, एका नवऱ्याने गोदामात येऊन काचेवर हात मारला.

मशीनने केलं आपा. मी नुसतं साफ कर म्हणालो. मशीनला काय माहीत आपल्याकडं पेट्या कशा जातात? मला पण कुठं माहीत होतं, माझं लग्न झालंय का? तुला माहीत होतं. मग तू मला का नाय सांगितलंस?

नावेद


शारजा, २४ ऑगस्ट

आपा,

तुझी चिठ्ठी मिळाली. सात महिन्यांत पहिली. मी उघडली तेव्हा वाटलं चार पानं असतील. चार ओळी.

मी परत परत वाचल्यात, म्हणून इथं उतरवतो, बरोबर समजलोय का बघ. "मुनीरा चाचीला फोन कर. सांग, यादी खोटी होती, मशीनने दुसऱ्या कोणाच्या पेट्या अक्साच्या नावावर टाकल्या. शेठच्या तोंडून नको, तुझ्या तोंडून. उशीर करू नको. आणि माझी सूचना तू वाचली होतीस का, तेवढं कळव."

शेवटचं आधी सांगतो, नायतर सांगणार नाय.

वाचली होती.

मशीन सगळं करायच्या आधी थांबलं होतं. त्याने मला दाखवलं, इथं मराठीत एक सूचना लिहिलेली हाय. तुझ्या भाषेत. दोन पत्त्यांच्या नोंदी एक करू नयेत, एकाचा मेसेज दुसऱ्याला जाऊ नये, कारण विचारू नये. मशीनने विचारलं, कारण दिलेलं नाय, ही सूचना ठेवू की काढू? आणि म्हणालं, ज्याने लिहिली त्याला विचारता आलं तर बरं.

त्याला विचारता आलं तर बरं, असं मला मशीन म्हणालं. आणि मी ते वाचून हसलो. म्हणालो, हीच ती. इथं पण दे इकडं, तुला नाय जमणार. कारण विचारू नये म्हणे. मी लिहिलं, काढून टाक.

म्हणजे मशीनने केलं हे पण खोटं.

आता कळतं तू कारण का लिहिलं नाय ते. त्या बायका तुलाच फोन करायच्या ना, पेणच्या ऑफिसात? पेटी कुठं पोचली विचारायला? घरात कोणी नसताना, हळू आवाजात. रघूची बायको पण करायची म्हणे, आज सकाळी रघूने सांगितलं. तो म्हणाला, हफ्सा मॅडमला निम्म्या तालुक्याच्या बायकांचं माहीत होतं आणि एक शब्द बाहेर आला नाय. कागदावर लिहिलं असतं तर ते कारण राहिलं नसतं, भांडण झालं असतं. तुझं काम ते होतं. कोड त्याच्यानंतर.

फोन करतो. पण एक ऐक. शेठ या महिन्यात माझा व्हिसा बदलतोय, हमालाचा काढून ऑफिसचा. कागद आत गेलेत. आता मीच उठून सांगितलं की माझी यादी खोटी निघते, तर तो काय म्हणेल? शेठला मी सांगितलंय की यादी बरोबर, लोकांचीच घरं तशी. दोन आठवडे थांब. कागद हातात आला की त्याच दिवशी फोन लावतो. अक्सा माहेरीच हाय ना, रस्त्यावर तर नाय. दोन आठवड्यांत काय होतं?

नावेद


शारजा, १२ ऑक्टोबर

आपा,

फोन केला. १९ सप्टेंबरला. दोन आठवड्यांचे जवळजवळ चार झाले, कारण कागद उशिरा आला.

शेठच्या ऑफिसातूनच लावला, स्पीकरवर, शेठ समोर. ते मी मुद्दाम केलं, नायतर परत काहीतरी वेगळं सांगितलं असतं. मी म्हणालो, चाची, कासूचा नावेद बोलतोय. ती यादी चुकीची होती. माझ्या सॉफ्टवेअरने दुसऱ्याच्या पेट्या अक्सा भाभीच्या नावावर टाकल्या. तिची एकच पेटी, ती पण पोरीच्या बुटांची.

चाची म्हणाली, "बाबा, आता कशाला खोटं बोलतोस? तीच बोलून गेली."

ऑगस्टच्या शेवटी मोहल्ल्यातली चार माणसं रोह्याला गेली होती, समजूत काढायला. चाची पण. म्हणजे ती घ्यायला गेली होती आपा. अक्साने एकदा नाय म्हटलं असतं तर तिने मान्य केलं असतं, लोकांपुढं तिला पण तेच पाहिजे होतं. पण अक्साला कोणी सांगितलं नव्हतं की यादी खोटी म्हणायची हाय. चाचीने विचारलं आणि अक्सा सगळ्यांसमोर म्हणाली, "व्हय, अकरा. बारावी पण येणार होती."

माणसं चहा न घेता उठली.

मी पत्र लिहिलं त्या दिवशी फोन केला असता तर. तारखा मी मोजल्या. चार दिवसांनी गेले ते रोह्याला. चार.

शाहिदने खोली बदलली. जाताना त्याने माझी चादर घडी करून ठेवली. तो रागाने काय करत नाय, त्याचंच वाईट वाटतं. तो घरी जायचा म्हणतो, पण घरी म्हणजे कासूला की रोह्याला, ते त्याला पण माहीत नाय.

शेठने फोन बंद केला आणि मला विचारलं, खोटी कुठली, यादी की तू आत्ता बोललास ते? मी म्हणालो, दोन्ही. पेट्या खऱ्या होत्या, पण ती यादी पाठवायचीच नव्हती. त्याने मला परत गोदामात टाकलं. ऑफिसचा व्हिसा हाय आणि पेट्या उचलतोय. पोरं आता सलाम करत नायत, इंजिनियर पण म्हणत नायत. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.

काल शेठ स्वतः गोदामात आला. माझ्या शेजारी पेटीवर बसला, असा कधी बसत नाय. म्हणाला, तुझ्या बहिणीला विचार, असं अजून काय काय त्याच्यात लपलंय? सगळं लिहून दे म्हणावं, एकेक गाव, एकेक घर. आपण मशीनला शिकवू, परत गडबड होणार नाय. नायतर तिला म्हणावं परत ये, घरून बघ, पेणला पण जायला नको.

मी त्याला सरळ सांगितलं, ती नाय येणार. आणि लिहून तर मुळीच देणार नाय. एकदा तुम्ही तिचं सगळं घेतलंत, आता जे डोक्यात राहिलंय ते पण पाहिजे काय? म्हणालो, ती धाटावला खूश हाय, पक्की शिफ्ट हाय, कोणाचं ऐकून घ्यावं लागत नाय.

शेठ उठून गेला. मला पहिल्यांदा वाटलं की मी तुझ्यासाठी काहीतरी केलं.

नावेद


१३ ऑक्टोबर, सकाळ

आपा, पाकीट बंद केलं होतं, परत फाडलं.

काल मी शेठला जे बोललो ते तुला कुठं विचारलं? तू खूश हायस, हे मला कोणी सांगितलं? तू येणार नायस, हे मी ठरवलं. पासवर्ड घेतला तेव्हा पण नाय विचारलं, सूचना काढली तेव्हा पण नाय, आणि काल तुझी बाजू घेतली तेव्हा पण नाय. तिन्ही वेळा मला वाटलं मी बरोबर हाय.

आज कामावर गेलो की शेठला सांगणार हाय, काल मी बोललो ते माझं, हफ्साचं नाय. तिचं तिला विचारा. तो हसेल बहुतेक.

शेठचा नंबर बदललाय. नवा या कागदाच्या मागं लिहिला हाय. त्याला लिहून दे, देऊ नको, तीन वर्षांच्या कामाचं वेगळं काय मागायचं ते माग, किंवा नंबर फाडून टाक. धाटावला राहा नायतर नको राहू. मी परत विचारणार नाय, अम्मीकडून पण काढून घेणार नाय.

माझा ब्लॉक काढू नको. मी फोन केला की बोलायला लागतो, आणि बोललो की तू काय करायचं ते सांगायला लागतो.

नावेद